घरात दिवसभर कोण राहणार?

आर्वी तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते एसटीत चालक आहेत, आर्वी आगारात. तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात राहतात. घरी आई, पत्नी, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. वावर साडेचार एकर, मोठ्या भावासोबत सामायिक, कसतो भाऊच. हाती पगार ३४ हजार पडतो, साठवलेले सात लाख आहेत, भाऊ कापूस विकून तीन लाख देणार आहे. स्वतःचं घर घ्यायचं आहे आणि समोर तीन जागा आहेत. नागपूरजवळ, बुटीबोरीच्या अलीकडे एका ले-आउटमध्ये १,२०० स्क्वेअर फुटांचा प्लॉट, नऊ लाखांचा. वर्धा शहराला लागून सिंदी मेघेला पंधरा वर्षं जुनं, दोन खोल्या-हॉल-किचनचं घर, २१ लाखांचं. नाहीतर आर्वीतच एक फ्लॅट. त्यांचे प्रश्न दोन: "कुठे घेतलं तर पुढे भाव वाढेल?" आणि "रजिस्ट्री कोणाच्या नावे करावी?"

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. त्यात नागपूरचं अंतर आहे, समृद्धी आहे, मेट्रो आहे, पाच वर्षांनी प्लॉटचा काय भाव होईल याचा हिशेब आहे. वहिनींबद्दल एक ओळ आहे: "मिसेस शिलाईचं काम करते." आईबद्दल त्याहून लहान: "आईला शुगर आहे." तुमची ड्युटी कधी पहाटे पाचची, कधी मुक्कामी गाडी. म्हणजे पैसे तुम्ही भरणार, हप्ते तुम्ही फेडणार, पण त्या घरात दिवस काढणार त्या दोघी, आणि तुम्ही मुक्कामी असाल तेव्हा रात्रीही. जागा त्यांच्या दिवसावरून निवडा. भाव वाढेल की नाही हा प्रश्न घर विकायचं असेल तर महत्त्वाचा, आणि तुम्ही तर राहायला घर घेताय.

माझं मत आधीच सांगून टाकते: सिंदी मेघे, कागद साफ निघाले तर.

बुटीबोरीचा प्लॉट नऊ लाखांचा आहे म्हणून तो स्वस्त वाटतो. मिस्त्रीने बांधकामाचा भाव १,९०० रुपये स्क्वेअर फूट सांगितल्याचं तुम्हीच लिहिलं आहे. आठशे फुटांचं साधं घर धरलं तर १५ लाख २० हजार. प्लॉट मिळून २४ लाख २० हजार झाले. बोअरवेल, कंपाउंड, मीटर, सेप्टिक टँक यांचा त्यात एक रुपयाही नाही. आणि बांधकाम पूर्ण होईपर्यंत आर्वीतलं भाडं चालूच राहणार, सोबत कर्जाचा हप्ता. २१ लाखांचं तयार घर महाग आणि नऊ लाखांचा प्लॉट स्वस्त, हा हिशेब एजंटाच्या वहीतच बरोबर येतो.

आता त्याच्या माहितीपत्रकातल्या गोष्टी घेऊ. "समृद्धी टच" असं त्यात ठळक छापलं आहे म्हणता. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण रस्ता खुला झाला. पण तुम्ही चालक आहात, तुम्हाला हे मी सांगावं असं नाही: त्या रस्त्यावर मनाला येईल तिथून चढता येत नाही. आपल्या जिल्ह्यात चढायचं तर येळाकेळी किंवा विरूळचा इंटरचेंज. दुचाकीला तर तिथे बंदीच आहे. म्हणजे तुमच्या प्लॉटला महामार्गाचा टच असून उपयोग इतकाच की रात्री ट्रकचा आवाज येईल. मेट्रोचंही तसंच. आज नागपूरची मेट्रो दक्षिणेला खापरीपर्यंत जाते. ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्यात मिहान (नागपूर विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प) ते बुटीबोरी एमआयडीसी हा भाग आहे, हे खरं. पण स्टेशनपासून तुमच्या ले-आउटपर्यंत वहिनी शिलाईचा गठ्ठा घेऊन कशा येतील, हे माहितीपत्रकात नाही. आणि मिहानच्या नावावर तर वीस वर्षांपासून प्लॉट विकले जात आहेत. कित्येकांच्या प्लॉटवर आजही सीमेचे दगड आणि बाभळी एवढंच आहे. घेणाऱ्यांचा पैसा बुडाला असं मी म्हणत नाही. पैसेवाल्याने असा प्लॉट घेऊन ठेवावा, दहा वर्षं विसरून जावं. तुम्हाला मात्र येत्या दोन वर्षांत छप्पर पाहिजे.

बुटीबोरीला जायचं ठरवलंत तर नोकरीचं काय, याचाही उल्लेख पत्रात नाही. एसटीच्या वर्धा विभागात वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट आणि तळेगाव अशी आगारं आहेत. आर्वीहून वर्धा आगारात बदली मागणं हे एका विभागातलं काम. नागपूर म्हणजे दुसरा विभाग, तिथल्या बदलीसाठी किती वर्षं थांबावं लागतं ते तुमच्या आगारातल्या जुन्या लोकांना विचारा. तोवर तुम्ही आर्वीत खोली करून राहणार आणि अर्ध्या भरलेल्या ले-आउटमध्ये सासू-सून आणि दोन मुलं. पहिली दोन-तीन वर्षं अशा ठिकाणी शेजार नसतो, संध्याकाळी दिवे नसतात, किराणा दुकानाला दीड-दोन किलोमीटर जावं लागतं. शिलाईला गिऱ्हाईक शेजारातून येतं. ब्लाउज शिवायला, फॉल-पिको करायला कोणी बाई दहा किलोमीटर येत नाही. सिंदी मेघेला वस्ती भरलेली आहे, वर्धा शहर लागून आहे. वहिनींचं काम तिथे सहा महिन्यांत बसेल. तुमच्या ३४ हजारांत त्यांच्या कमाईची भर पडली तर हप्ता अंगावर येणार नाही.

आईच्या शुगरसाठीही हाच कौल. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय एका बाजूला, सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय दुसऱ्या बाजूला, दोन्ही ऑटोच्या अंतरावर. दर महिन्याला तपासणी लागणाऱ्या माणसाला यासारखी सोय विदर्भात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि तीही नागपूरच्या भावापेक्षा पुष्कळ कमी भावात.

आर्वीच्या फ्लॅटबद्दल थोडंच लिहिते. वाईट नाही, ओळखीचं गाव आहे. पण मुलगी आठवीत आहे. दहावी झाली की अकरावी-बारावी सायन्स, क्लासेस, पुढचं कॉलेज यासाठी तिला वर्ध्याला पाठवणार किंवा रोज पन्नास-पंचावन्न किलोमीटर जा-ये करायला लावणार. तेव्हा भाड्याने खोली घेणारच असाल तर घरच तिकडे घ्यावं. शिवाय तो फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे म्हणता. मे महिन्यात वरचा स्लॅब किती तापतो हे आर्वीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता सिंदी मेघेच्या घराकडे. पहिली चौकशी पाण्याची, आणि ती घरमालकाकडे करू नका. समोरच्या आणि मागच्या घरातल्या बायांना वहिनींनी जाऊन विचारावं: मे महिन्यात नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ येतो, टँकर बोलवावा लागतो का, बोअर आटतो का. ही सगळी मेघे गावं शहराला चिकटून असली तरी नगरपरिषदेत नाहीत, ग्रामपंचायतीत आहेत. त्यामुळे शहरातल्या नळाचं वेळापत्रक इथे लागू नाही. आपल्याकडे कूलर लावल्याशिवाय उन्हाळा निघत नाही आणि कूलर पाणी पितो. ज्या महिन्यात नळ रुसतो त्याच महिन्यात पाणी सगळ्यात जास्त लागतं. म्हणून घराला जमिनीखाली टाकी आहे का आणि ती किती लिटरची आहे, हे रंगकामाच्या आधी पाहा. हद्दवाढीची चर्चा तिकडे अधूनमधून होते. झाली तर कर वाढेल, सोयीही येतील. त्यावर निर्णय टांगून ठेवू नका.

दुसरी चौकशी भिंतींची. वर्ध्याच्या आजूबाजूला पुष्कळशी काळी कसदार माती आहे. कापसाला ती सोनं आहे, पायव्याला शत्रू. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया नीट खोल मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर भिंती उलतात. खिडक्या-दारांच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा दिसल्या तर थांबा. या भेगा उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटल्यासारख्या दिसतात, म्हणून घर एप्रिल-मेमध्ये एकदा पाहाच. नुकतीच पुट्टी मारून रंग दिलेला असेल तर मालकाला कारण विचारा. पंधरा वर्षांत घराने पंधरा उन्हाळे आणि पंधरा पावसाळे पाहिले आहेत, जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. जुन्या घराचा हा मोठा फायदा आहे, फक्त तो डोळ्यांनी पाहून घ्यायचा. एखादा जाणता मिस्त्री सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. फुकट नेलात तर तो मालकाच्या चहावर "चांगलं आहे" म्हणून येईल.

पावसाळ्यात पोचरस्ताही पाहावा. ले-आउट असो की घर, तिथवर जाणारा रस्ता गाव नकाशावर आहे का, की कोणाच्या वावरातून वहिवाटीने जातो? कित्येक ले-आउटचा "तीस फुटी रोड" म्हणजे जुनी पांदण असते. जुलैत तिथे दुचाकी रुतते आणि शेजारचा शेतकरी धुरा (बांध) सरकवत आला की रस्त्याची रुंदी दर वर्षी कमी होते.

आता कागद. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण आपल्याकडे घर बुडतं ते कागदावर.

मालक तुम्हाला ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवेल. तो कर आकारणीचा उतारा आहे. घराचा कर कोण भरतो एवढं तो सांगतो, मालकी सांगत नाही. "पन्नास वर्षांपासून आमच्या नावाने कर आहे" हे ऐकून इसार देणारे बरेच भेटतात. तुम्हाला हवी ती नोंदणीकृत खरेदीखतांची साखळी, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, अकृषक आदेश (शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी), मंजूर ले-आउटचा नकाशा आणि बांधकाम परवानगी. नकाशात आपला प्लॉट क्रमांक बोटाने शोधा. मोकळी जागा म्हणून सोडलेल्या तुकड्यावर उभी राहिलेली घरं आहेत, आणि ती विकलीही जातात.

सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असेल तर परवानगीशिवाय तो व्यवहार होत नाही. इतर हक्कात "भूदान" शब्द दिसला तर सरळ उठून या. विनोबांच्या पवनारच्या जिल्ह्यात हे सांगायला वाईट वाटतं, पण भूमिहीनांना मिळालेल्या भूदानाच्या जमिनी विकता येत नाहीत आणि तरी त्यांचे प्लॉट पाडून विकल्याचे प्रकार विदर्भात घडले आहेत. शहराच्या आत पाहत असाल तर "नझूल" शब्दाकडे लक्ष द्या. ती शासनाची भाडेपट्ट्याची जमीन, तिची शर्त आणि बाकी भाडं तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

घर मालकाच्या वडिलांच्या नावे होतं आणि वडील वारले असतील तर वारस फेरफार मागा आणि त्यात बहिणींची नावं आहेत का ते बघा. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. "बहिणी लग्न होऊन गेल्या, त्या काही म्हणत नाहीत" हे वाक्य कानावर आलं की सगळ्या बहिणींच्या सह्या खरेदीखतावर मागायच्या. आज त्या काही म्हणत नाहीत. उद्या जावई म्हणतात.

प्लॉट घ्यायचाच झाला तर वेगळ्या गोष्टी आहेत. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉटचा ले-आउट विक्रीला काढायचा तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. "३६ हप्त्यांत प्लॉट, शेवटी रजिस्ट्री" या योजनेत तीन वर्षं तुमच्याकडे पावतीशिवाय काही नसतं. शेतजमिनीचा तुकडा गुंठ्याने, "नोटरी करून देतो" म्हणून विकणाऱ्यापासून तर दूरच राहा. शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. शासनाने त्यात अलीकडे सवलती दिल्या, गुंठेवारी (असे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट) नियमित करण्याचा २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. पण सवलत ही आधी अडकलेल्यांसाठी असते. नव्याने अडकायला जाऊ नये. नोटरीने मालकी मिळत नाही, ती दुय्यम निबंधकाकडच्या नोंदणीनेच मिळते.

हे सगळं स्वतः तपासायची गरज नाही. वर्ध्यातल्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा, आणि वकील तुमचा असावा, एजंटाने आणलेला नको. दुसरी चाळणी राष्ट्रीयीकृत बँकेची. बँकेने कर्ज द्यायला नकार दिला आणि एजंट म्हणाला "मी दुसरीकडून करून देतो", तर बँकेला काय दिसलं ते आधी शोधा.

पैशाचं आता. २१ लाखांवर मुद्रांक, नोंदणी, वकील मिळून साधारण दीड लाख बाजूला ठेवा. तुमच्या सातांपैकी साडेपाच उरतात, म्हणजे कर्ज साडेपंधरा लाखांचं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे १३,४५० रुपये येतो. ३४ हजारांत हे ओढाताणीचं आहे, पण घरभाडं थांबणार आहे.

यात मी भावाचे तीन लाख मुद्दाम धरले नाहीत. कापूस कधी वेचून होईल, कोणत्या भावाने जाईल, चुकारा कधी हातात पडेल, हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळत नाही, पण इसारपावतीत रजिस्ट्रीची तारीख लिहिलेली असते आणि ती बोंडअळीसाठी थांबत नाही. भावाने दिले तर कर्जात भरा, मुद्दल कमी होईल. आणि तीन लाखांच्या बदल्यात वावरातल्या तुमच्या हिश्श्याचं हक्कसोड लिहून द्यायचं बोलणं सुरू असेल (तुमच्या पत्रातल्या "वावराचं नंतर बघू" या ओळीवरून मला तसा वास आला), तर घाई करू नका. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. नावावर शेवटचा तुकडाही राहिला नाही तर पुढे निवृत्तीनंतर अर्धा एकर घ्यावासा वाटला तरी अडचण येईल. भावाशी संबंध चांगले आहेत तोवरच हा हिशेब स्वच्छ लिहून ठेवा.

पंतप्रधान आवास योजनेची शहरी २.० आवृत्ती सप्टेंबर २०२४ पासून आहे. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर व्याजात एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत सवलत पाच हप्त्यांत मिळते. अट अशी की नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांपैकी कोणाच्याही नावे देशात पक्कं घर नको. गावचं घर भावाच्या किंवा आईच्या नावे असेल तर ते आड येत नाही. तुमचं नाव त्या नमुना आठवर आहे का ते आधी पाहून घ्या. सिंदी मेघेचा पत्ता योजनेच्या हद्दीत बसतो का, हे बँकेकडून लेखी घ्या आणि सवलत मिळेल असं गृहीत धरून भाव ठरवू नका.

एक सुचवते. मुलीची नववी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे येत्या उन्हाळ्यात, त्याच भागात भाड्याने घर घ्या. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मे-जून हाती असतात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथे काढला की पाणी, रस्ता, शेजार, ऑटोचं भाडं सगळं कळतं आणि दिवाळीनंतर वहिनी स्वतःच सांगतील हे घर घ्यायचं की दोन गल्ल्या पलीकडचं. पसंत केलेलं घर तोवर विकलं जाईल अशी भीती एजंट घालेल. जाऊ द्या. मेघे गावांत विक्रीला घर नाही असा महिना जात नाही.

तुमचा दुसरा प्रश्न: रजिस्ट्री कोणाच्या नावे. वहिनींच्या एकटीच्या नावे करा. राहतं घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी लागतं. २१ लाखांवर २१ हजार वाचतात. दोघांची नावं घातलीत तर ही सवलत जाते. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, ती तेवढीच राहते. कर्ज तुमच्या पगारावर असल्यामुळे बँक तुम्हाला सहकर्जदार करेल, ते चालतं. फक्त इसारपावती सुरुवातीपासून वहिनींच्याच नावे लिहून घ्या, म्हणजे रजिस्ट्रीच्या दिवशी नाव बदलण्यावरून दुय्यम निबंधकाच्या दारात खोळंबा होणार नाही. आणि त्या दिवसाची रजा आगारात आधीच टाकून ठेवा.